पाहुण्याला गोडं पाणी

फुनाफुती, ३ मार्च

प्रिय आत्या,

राजधानीतून फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या नुकुमालो बेटावरचा एकुलता एक चालू फोन पाद्रीबाबांच्या ओसरीवर. तिथे मी तुला ‘कशी आहेस’ विचारलं तरी उत्तर चौघीजणी देतात. म्हणून पत्र.

या जहाजातून समुद्राचं पाणी गोडं करणारी दोन नवी यंत्रं येताहेत. जुनं आहे की, असं तू म्हणशील. आहे, पण ते पाण्यापेक्षा डिझेलच जास्त पितं. नव्यात एक भारी युक्ती आहे. समुद्राचं पाणी बारीक पडद्यातून दाबून काढावं लागतं. त्यातलं निम्म्याहून कमी गोडं होऊन निघतं आणि उरलेलं, आणखीनच खारट झालेलं, मोठ्या जोराने बाहेर फेकलं जातं. आजवर तो जोर वायाच जायचा. आता हे बाहेर जाणारं पाणी जाता जाता आत येणाऱ्या पाण्याला ढकलतं. वीज जवळजवळ निम्मी लागते.

आमचे सल्लागार ब्रेंडनसाहेब ब्रिस्बेनहून आलेत. मनाने सज्जन, पण आलेख दिसला की जेवण विसरतात. ते विचारत होते, लोक यंत्र काळजीने चालवतील कशावरून? मी म्हटलं, साहेब, आमच्या बेटावर एक उत्तर बाजू आहे आणि एक दक्षिण बाजू. मासेमारी असो, नाच असो, चर्चचं अंगण झाडायचं असो, एक बाजू दुसरीला पुढे जाऊ देत नाही. एकेक यंत्र एकेका बाजूला द्या. दर शनिवारी दिवसभर चालवायचं, पाद्रीबाबांनी मीटर वाचायचा. तेवढ्याच पाण्याला ज्यांना कमी वीज लागली ते जिंकले. महिनाअखेर हरलेल्यांनी जिंकलेल्यांना रांधून घालायचं, हे तर आपलं नेहमीचंच. साहेब खुर्चीतून उठलेच. योजनेचं नाव ‘ऊर्जा-मैत्री’. नाव मी सुचवलं.

उत्तरेचं यंत्र तुझ्या हाती देतोय. मालियाची गोड बातमी कळली. तिला म्हणावं, तुझ्या बाळाला नव्या यंत्राचं पाणी मिळेल.

तुझा,
पेनिएली
उपप्रमुख, जल-वीज बचत कक्ष

⁂

नुकुमालो, १४ एप्रिल

पेनी बाळा,

उपप्रमुख झालास, आनंद झाला. प्रमुख कोण आहे ते लिहायचं राहिलं.

यंत्रं पोचली. दक्षिणेच्या पोरांनी होडीतून त्यांचं यंत्र खांद्यावर घेऊन आणलं, म्हणून आमच्यांनीही खांद्यावर घेतलं. आमच्यातले दोघे अजून चटईवर कंबर धरून पडलेत. पाद्रीबाबांनी दोन्ही यंत्रांसाठी प्रार्थना केली. दक्षिणेच्या यंत्रासाठी जरा लांबवली असं मला वाटलं, पण मी कुणाला बोलले नाही. त्यांच्या बायकोला तेवढं बोलले.

दक्षिणेचं यंत्र कुणाच्या हाती दिलं असेल? पासेपाच्या! माझ्या विहिणीच्या. लेक मालिया त्या घरात दिल्यापासून ही बाई मला खाली बघायला लावायची संधी शोधतेय, आणि ती संधी सरकारने जहाजात घालून तिच्या दारात आणून दिली. तेही माझ्या सख्ख्या भाच्याच्या हस्ते.

पहिला महिना आम्ही हरलो. थोडेथोडके नाही, पार नाक कापलं गेलं. पाद्रीबाबांनी आकडे वाचले तेव्हा दक्षिणेच्या बायकांनी उभ्या उभ्या नाच सुरू केला. मग आम्ही रांधलं. पुलाकाचा कंद नारळाच्या दुधात शिजवला, डुक्कर भाजलं, कुपा मासा तर तुझ्या आतोबांनी स्वतः आणला होता. पासेपाने एक घास घेतला आणि सगळ्या सभाघराला ऐकू जाईल असं म्हणाली, “सेलुता, मीठ फार झालंय गं! तुमच्या यंत्रातून काढलेलं संपवताय वाटतं?”

सभाघर हसलं. माझा जावईसुद्धा हसला, केवड्याच्या पंख्याआड तोंड लपवून.

मला त्या रात्री एक घाससुद्धा गिळवला नाही. आता तू एवढा शिकलास तर मला सरळ सांग, या यंत्राला वीज कमी लागावी म्हणून काय करायचं? तुझ्या साहेबालाही विचार. सांगितलं नाहीस तर बापाच्या नावाने हाक मारीन आणि तुला ती फुनाफुतीत ऐकू येईल.

तुझी आत्या,
सेलुता

⁂

फुनाफुती, ६ मे

प्रिय आत्या,

पासेपामावशींचे आकडे पाहून आमच्या कक्षात उत्सवाचं वातावरण आहे. तुमचे आकडेही वाईट नाहीत. खरं सांगायचं तर यंत्र बनवणाऱ्यांनी जेवढं सांगितलं होतं बरोबर तेवढेच आहेत. पण हल्ली बरोबर तेवढ्याचं कुणाला कौतुक नसतं.

युक्त्या साध्या आहेत. गाळण्या वेळच्या वेळी धुवा. झडप एकदम उघडू नका. बाकी वीज मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते, पाण्यात मीठ किती यावर. जितकं खारट तितकं जास्त दाबावं लागतं. मोठ्या पावसानंतर किनाऱ्याचं पाणी थोडं पातळ होतं तेव्हा आकडा आपोआप खाली येतो. पण समुद्र किती खारट असावा, हे काही आपल्या हातात नाही.

मन लावून करा. या आकड्यांवर माझं फिजीच्या परिषदेचं भाषण अवलंबून आहे.

तुझा पेनिएली

⁂

नुकुमालो, १५ जून

पेनी बाळा,

जिंकलो! तुझ्या आत्याच्या बाजूने या महिन्यात दक्षिणेला असं लोळवलं की पाद्रीबाबांनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. पासेपाने रांधलं, आणि मी तिच्या हातचं जेवून म्हटलं, “छान झालंय हो विहीणबाई, फक्त जरा अळणी.” किती दिवसांनी पोटभर जेवले.

तू लिहिलंस, समुद्र किती खारट असावा हे आपल्या हातात नाही. बाळा, तू शहरात राहतोस.

यंत्रात जाणारं समुद्राचं पाणी आधी एका टाकीत साठतं ना, ती आमच्याकडे झुडपांच्या मागे आहे. शनिवारी बायका तिकडे धुण्याभांड्याला पाणी नेतात. कुणी विचारलं तर धुण्याभांड्याला. आमच्या बाजूला शनिवारी भांडी फार असतात.

बाकीचे सहा दिवस यंत्र आम्ही चालवतच नाही. चटई पांघरून ठेवतो. उगाच दमलं आणि शनिवारी जास्त वीज प्यायलं तर? दक्षिणेचंही तसंच झाकलेलं असतं. रोजच्या प्यायला पावसाच्या टाक्या आहेतच. त्या जरा खाली गेल्यात, आणि पाऊसही यंदा रुसल्यासारखा आहे, पण ते असो.

मालिया बरी आहे. पोट पुढे आलंय. दोन्ही घरी तिला सारखं विचारतात, तू कुणाच्या बाजूने? ती म्हणते, मला तहान लागलीय.

तुझी विजयी आत्या

⁂

फुनाफुती, २२ जुलै

प्रिय आत्या,

बसून वाच. ब्रेंडनसाहेबांनी तुमच्या दोन्ही बाजूंचे आकडे तीन वेळा तपासले. ते म्हणतात, इतक्या कमी विजेत समुद्राचं पाणी गोडं झालेलं त्यांनी आजवर कुठे पाहिलं नाही. कुठे म्हणजे जगात! त्या दिवशी ते जेवलेही नाहीत आणि संध्याकाळचा चहाही राहिला.

असं का होतं, याचा शोध आम्ही लावलाय. आपल्या प्रवाळाच्या कड्याने अडवलेल्या पाण्याला काहीतरी विशेष गुण असला पाहिजे. साहेबांनी त्याला नावही दिलंय, ‘नुकुमालो परिणाम’. फिजीत माझं भाषण त्यावरच झालं. लोक उभे राहिले. तुझ्या समुद्राचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून पुढच्या जहाजाने पाठव, तपासायचंय.

आता दोन आनंदाच्या बातम्या. एक, नुकुमालोला ऊर्जा-मैत्री पुरस्कार जाहीर झाला. सप्टेंबरात साहेब परदेशी पाहुण्यांना घेऊन येतील, मी दुभाषा म्हणून येईन. पाहुण्यांसमोर दोन्ही यंत्रं चालवून दाखवायची. दोन, तुमची यंत्रं इतकी थोडी वीज पितात, मग डिझेल हवंच कशाला? या महिन्यापासून बेटाचा डिझेलचा वाटा निम्मा केला आहे. उरलेलं दुसऱ्या बेटांना देणार. त्याच्या मंजुरीवर सही करताना माझा ऊर भरून आला.

उगाच म्हणतात सरकारी कामाचं चीज होत नाही.

तुझा पेनिएली

⁂

नुकुमालो, १८ ऑगस्ट

पेनी,

बाटली पाठवत नाही. कुठलं पाणी भरू ते कळेना.

आता नीट वाच. आम्ही समुद्र गोडा करत नाही. आम्ही गोडंच पाणी गोडं करतो. आमच्या बाजूच्या पावसाच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी नेऊन यंत्राच्या टाकीत ओततो, म्हणून त्याला वीज लागत नाही. मीठच नाही तर दाबायचं काय? दहा बादल्या चांगलं पाणी ओततो, चार बादल्या चांगलं पाणी मिळतं, सहा बादल्या समुद्रात जातं. मग टाळ्या वाजतात.

कल्पना माझी. पासेपाच्या त्या मिठाच्या टोमण्यावरून मी एवढी पेटले होते की टाकीत किती उरलंय हे मी वाकून पाहिलं नाही. परवा पाहिलं. तळाला चिखल आहे.

पाऊस नाही. शहाळी आहेत, पण झाडांनीही हात आखडलाय. मालियाचे दिवस भरत आलेत आणि बाळंतिणीला शेकायला, बाळाला न्हाऊ घालायला पाणी लागतं हे तुला कळत नसेल, मला कळतं. म्हणून मी लाज गुंडाळून दक्षिणेच्या टाकीकडे गेले. म्हटलं, त्यांची तर भरलेली असणार, त्यांचं यंत्र खरोखर चांगलं आहे. चार बादल्या मागू, पासेपा बोलेल ते ऐकून घेऊ.

टाकीवर हाताने थाप मारली. आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. मागे पासेपा उभी.

मी म्हटलं, “तुम्हीसुद्धा?”

ती म्हणाली, “आम्ही तर पहिल्या दिवसापासून. पण कपटाने नाही हं, सेलुता. आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी गोडं पाणी देतात. यंत्र एवढं लांबून आलेलं. त्याच्या तोंडाला पहिल्यांदाच खारं पाणी कसं लावायचं? म्हणून पाजलं दोन पिंपं. आकडा असा आला की पुन्हा खारं द्यायची हिंमतच झाली नाही.”

मी तिथेच वाळूत बसले. तीही बसली. आमच्या नातवंडासाठी तिची टाकी रिकामी, माझी टाकी रिकामी, आणि तुझ्या कागदावर आम्ही जगात पहिल्या.

यंत्रं चालतील, आम्ही आता खरा समुद्र ओतू. पण त्याला लागणारं डिझेल तू निम्मं केलंस. जे आहे ते दिव्यांना आणि दवाखान्याच्या फ्रिजला पुरत नाही. आमचं डिझेल परत दे. साहेबाला काय सांगायचं ते सांग, माझं नाव घेतलंस तरी चालेल.

सेलुता

⁂

फुनाफुती, २९ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझं पत्र मला मिळालं नाही, असं मी धरून चालतो. जहाजावर कधीकधी टपाल भिजतं.

समजा ते मिळालं असतं, तर मी तुला समजावलं असतं की डिझेलचा वाटा असा वाढवता येत नाही. वाढवायचा तर यंत्रांना जास्त वीज लागते असं दाखवावं लागेल, आणि कागदावर ती लागतच नाही. ‘नुकुमालो परिणाम’ छापून आलाय. मंत्र्यांनी भाषणात वापरलाय. साहेबांनी आईला कळवलंय.

आत्या, माझी नेमणूक कायम व्हायची आहे. पाहुणे सहा तास थांबतील. सहा तास आकडा तेवढा खाली राहू दे. कसं, ते मला विचारायचं नाही आणि तू मला सांगायचं नाही. पाहुणे गेले की दोन-तीन महिन्यांत मी हळूहळू काहीतरी जमवतो.

दुष्काळी दिवस म्हणून पाहुणे बेटाला भेट द्यायला पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणताहेत, बरीच खोकी. मालियासाठी त्यातल्या ठेव.

तुझा पेनिएली

⁂

नुकुमालो, २४ सप्टेंबर

पेनिएली,

त्या दिवशी तू समोरच होतास, तरी लिहिते. तुझी मान खाली होती, तुला फारसं दिसलं नसेल. आणि जहाज सुटताना तू होडीत माझ्याकडे पाठ करून बसलास.

पाहुण्यांच्या गळ्यात हार पडले आणि नाच सुरू झाला ना, तो नेहमीपेक्षा इतका लांबला का, हे साहेबाने तुला विचारलं होतं. तू म्हणालास, आनंदाच्या भरात. आनंद कसला! तेवढ्या वेळात चर्चच्या मागे आम्ही सगळ्या बायका बाटल्यांची झाकणं फिरवत बसलो होतो. वडीलधाऱ्यांनी खोकी दोन्ही बाजूंना सारखी वाटून दिली होती, भांडण नको म्हणून. पाहुण्यांनी पाजायला आणलेलं पाणी आम्ही पाहुण्यांच्या यंत्राला पाजत होतो. झाकणं फिरवून माझ्या बोटांची सालं निघाली.

मालिया आली. बाळ आठवड्याचं, कुशीत. तिचे ओठ फुटले होते. इतके दिवस शहाळ्यांवर काढलेत पोरीने, अंगावर पाजतेय, वर तहान. माझ्या हातात उघडलेली बाटली पाहून म्हणाली, “आई, एवढी एक मला दे.”

आणि मी म्हटलं, “थांब गं, आधी साहेबांना दाखवू दे.”

हे मीच म्हटलं. मी ऐकलं ते. पासेपानेही ऐकलं, ती समोरच बसली होती. ती उठली, माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि मालियाच्या हातात दिली. पोरीने ती एका दमात संपवली आणि मग बाळाच्या डोक्यावर तोंड टेकवून रडली. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आत जावं. पण आपल्याकडे जमीन फाटली तर खाली समुद्रच आहे.

पासेपा म्हणाली, “चल.” आम्ही दोघी सभाघरात शिरलो. नाच थांबला. मी साहेबासमोर उभी राहून सगळं सांगितलं, पावसाचं पाणी, बादल्या, आताच्या बाटल्या, सगळं. आणि तू उठून त्याला इंग्रजीत काय सांगितलंस?

तुझ्या आतोबांनी वीस वर्षं जर्मन जहाजांवर इंग्रजीत हुकूम ऐकत काढलीत, हे तू विसरलास. त्यांनी मला कानात सांगितलं, “हा म्हणतोय, आत्या म्हणते ही सगळी देवाची कृपा आणि ब्रेंडनसाहेबांचं मार्गदर्शन.” मग ते स्वतःच उभे राहिले आणि माझा शब्द न शब्द त्यांच्या जहाजी इंग्रजीत सांगितला. मध्ये मध्ये साहेब दचकत होता, ते गोष्टीमुळे नव्हे. ती भाषा ते बोटीच्या इंजिनघरात शिव्यांसकट शिकलेत.

साहेब उठला, झुडपांमागे गेला, अख्खं सभाघर त्याच्यामागे. त्याने टाकीत बोट बुडवून चाटलं. मग रिकाम्या बाटल्यांच्या ढिगातली एक उचलून उलटी करून पाहिली. मला वाटलं, ओरडेल. त्याने हळूच काहीतरी विचारलं.

आतोबा म्हणाले, “तो विचारतोय, मग इतके महिने यंत्राने केलं काय?”

पासेपा म्हणाली, “पाहुणचार घेतला.”

तो हसला नाही. तूही नाही. पण आमच्या मागे मालियाचा नवरा हसला, आणि मग सगळं सभाघर हसलं. मीही हसले, कारण रडणं जमण्यासारखं नव्हतं.

पेनी, मी तुझ्यावर चिडले आहे. पण मालियाला ‘थांब’ म्हणणारी मी, तुला कुठल्या तोंडाने बोलू?

सेलुता

⁂

फुनाफुती, १६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं ऑगस्टचं पत्र मला मिळालं होतं. भिजलं नव्हतं. मी ते तीनदा वाचलं आणि खणात घातलं. सभाघरात उभा राहिलो तेव्हा तुझं वाक्य न वाक्य मला समजत होतं, आणि तोंडातून दुसरंच निघत होतं. मालियाचं तर मला तुझ्या पत्रातूनच कळलं. तेव्हापासून मी पाण्याचा पेला उचलला की ते आठवतं.

इथलं सांगतो. डिझेल पूर्ण परत मिळालं. पिंपं या पत्राबरोबरच येताहेत, मोजून घेऊ नकोस, दोन जास्त आहेत. पुरस्कार ‘पुढे ढकलला’ आहे, म्हणजे तो आता कुणीच देणार नाही. ‘नुकुमालो परिणाम’ छापणाऱ्यांनी तो मागे घेतला. साहेब दोन दिवस जेवले नाहीत, या वेळी आलेखाशिवायच. मग मला बोलावून म्हणाले, “यंत्रं खरा समुद्र घालून रोज चालवा आणि खरा आकडा कळवा, मला तेवढंच हवं होतं.” ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी आता उपप्रमुख नाही. पुढच्या जहाजाने मला नुकुमालोला पाठवताहेत, दोन्ही यंत्रांची देखभाल करायला. शिक्षा आहे की बदली, हुकमात लिहिलेलं नाही.

मी कुणाकडे उतरू?

पेनिएली

⁂

नुकुमालो, २८ ऑक्टोबर

पेनी बाळा,

कुणाकडे उतरू म्हणून काय विचारतोस? तुझ्यावरून इथे भांडण लागलंय. उत्तर बाजू म्हणते दक्षिणेने ठेवून घ्या, दक्षिण म्हणते उत्तरेने. शेवटी तू पाद्रीबाबांच्या ओसरीवर राहायचं ठरलं. फोनही तिथेच आहे, म्हणजे तुझ्यावर लक्ष राहील.

आणखी एक भांडण आहे. हरलेल्यांनी रांधायचं हा नियम. पण हरलं कोण? वडीलधारे म्हणाले, ज्यांनी जास्त पाणी वाया घालवलं ते हरले. झालं, दोन्ही बाजू उठल्या. आमच्या बायका म्हणाल्या, आम्ही जास्त ओतलं. दक्षिणेच्या म्हणाल्या, तुम्ही मेअखेर सुरू केलंत, आम्ही तर मार्चपासून ओततोय, आमच्यापुढे तुमचा काय पाड? आजवर ज्यांनी पाप झुडपांमागे लपवलं त्याच आता ते छाती पुढे काढून मोजून दाखवताहेत. पासेपा तर त्या पाहुणचाराच्या दोन पिंपांची चार पिंपं करून सांगते. निकाल लागेना म्हणून दोन्ही बाजूंनी रांधलं, आणि दोन्ही बाजू जेवून जड झाल्या.

डिझेल उतरलं त्याच दिवशी आम्ही चटया काढल्या आणि यंत्रं सुरू केली. भरतीचं पाणी, सरळ समुद्रातून. आमच्या यंत्राने मेनंतर, आणि पासेपाच्या यंत्राने जन्मात पहिल्यांदाच, खरा समुद्र चाखला. वीज किती लागली म्हणशील, तर तुझ्या मेच्या पत्रात होती तेवढीच, यंत्र बनवणाऱ्यांनी सांगितली होती तेवढी. जुन्या यंत्राच्या जवळजवळ निम्मी. म्हणजे यंत्र पहिल्यापासून चांगलंच होतं रे. आम्हीच त्याला कधी काम करू दिलं नाही. साहेबाला कळव, आणि म्हणावं जेव.

पहिली बादली बाळाच्या अंघोळीला घेतली. आमच्या मांडीवर द्या, आमच्या मांडीवर द्या, असं दोन्ही आज्यांचं झालं, शेवटी अर्धं बाळ तिच्या मांडीवर आणि अर्धं माझ्या. न्हाऊ घालायच्या आधी पासेपाने बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

“जरासं खारट लागतंय,” ती म्हणाली.

मी चाखलं. लागत होतं. या बाईचं म्हणणं मला पटावं असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. समुद्रातून आलेलं पाणी आहे, एवढंसं लागणारच.

बाळ न्हालं, झोपलं. मग मी एक मोठा पेला भरून मालियाला दिला, आणि ती तो पिऊन संपवेपर्यंत आम्ही दोघी विहिणी तिच्यासमोर उभ्या राहिलो.

तुझी आत्या,
सेलुता